न मोजलेली वीज, न मांडलेला हिशेब

भारताच्या वीजव्यवस्थेच्या इतिहासात सोलापूरचे नाव एका तारखेने कायमचे नोंदले गेले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडले गेले. तोपर्यंत विजेच्या दृष्टीने दक्षिण भारत हे एक बेटच होते. मोजक्या मार्गांनी तेथे वीज ये-जा करी. परंतु त्या जाळ्याची वारंवारता निराळी आणि त्याची टंचाईही निराळी. ते बेटपण आमच्या जिल्ह्याच्या भूमीवर संपले, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि तारा जुळल्या म्हणून हिशेब जुळले असे मात्र झाले नाही. वीज कोणी किती वापरली, तिचे मोल कोणी भरले आणि न भरलेले मोल कोणाच्या माथी बसले, ह्या तीन साध्या प्रश्नांची सरळ उत्तरे सामान्य नागरिकाला आजही मिळत नाहीत. हिशेबाचे हे बेटपण केव्हा संपणार, हा आजचा खरा प्रश्न आहे.

अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवर उभे राहिले म्हणजे हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. बांधाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. दोन्हीकडची जमीन एकाच पोताची, तूर तीच, ऊस तोच, आणि माणसेही मराठी-कानडी दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणारी. पलीकडे दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २००८ पासून विनामूल्य वीज मिळते, आणि २०२३ पासून घरगुती ग्राहकालाही महिना दोनशे युनिटांच्या मर्यादेत विनामूल्य विजेची योजना लागू झाली. अलीकडे २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकारने आपल्याकडे घेतले. २०२२ च्या अखेरीस ह्या तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी रस्ते-पाण्याच्या अभावाला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा मुंबईत खळबळ उडाली. सीमेवरचा मनुष्य राज्यकारभाराची तुलना भाषणांनी करीत नाही. शेजाऱ्याच्या शेतातील पंप किती तास चालतो, हे पाहून करतो. अशा स्थितीत दोन राज्यांत सवलतींची चढाओढ लागावी, हे स्वाभाविक आहे. चढाओढीत न बोलली जाणारी गोष्ट एकच असते : हे पैसे येतात कोठून?

आमची भूमिका प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. शेतकऱ्याला स्वस्त किंवा विनामूल्य वीज देण्यास आमचा विरोध नाही. अवर्षणाच्या छायेत वावरणाऱ्या ह्या भागात विहिरीतले पाणी वर काढण्याचा खर्च समाजाने काही अंशी उचलावा, हे न्यायाचेच आहे. आमचा आक्षेप आहे तो न मोजता देण्याला, वेळेवर न भरता देण्याला, आणि दिल्याचा हिशेब न मांडण्याला. उघडपणे दिलेले साहाय्य ही राज्याची नीती असते. झाकून दिलेले साहाय्य हे राज्याचे कर्ज असते. ह्या दोहोंतला भेद पुसला गेल्यामुळे महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत काय गमावले, ते पाहण्यासारखे आहे.

वीज ही सार्वजनिक जबाबदारी मानावी, हा विचार ह्या देशात स्वातंत्र्यापूर्वीच मांडला गेला. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचा विषय होता. विपुल आणि स्वस्त वीज हा औद्योगिक प्रगतीचा पाया आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांत स्वायत्त वीजमंडळांची तरतूद झाली आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीबरोबरच, १९६० च्या जूनमध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. ह्या मंडळाने खेडोपाडी तारा नेल्या, विहिरींवर मोटेच्या जागी पंप बसविले आणि अंधारात चाचपडणाऱ्या घरांत दिवा लावला. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु स्वायत्तता कायद्याच्या पानावर राहिली. वीजदर कोणता असावा, थकबाकी कोणाची सोडावी, जोडणी कोणाला आधी द्यावी, हे निर्णय मंडळाच्या कचेरीऐवजी मंत्रालयात होऊ लागले.

त्यातच १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी होऊ लागली. मीटर वाचण्याचा त्रास वाचला, परंतु त्याबरोबर सत्यही नाहीसे झाले. शाळेतल्या अंकगणिताने ते समजावून घेता येईल. समजा, एखाद्या वीजसंस्थेने १०० युनिटे विकत घेतली आणि मीटरवर ६० युनिटांचाच वापर नोंदला गेला. उरलेली ४० युनिटे गेली कोठे? संस्था म्हणते, २५ शेतीला गेली आणि १५ गळतीत. हे खरे की शेतीला १५ आणि गळतीत व चोरीत २५, हे सांगणार कोण? शेतात मीटरच नाही! अशा रीतीने शेतकऱ्याचे नाव हा सर्व दोषांवर घालण्याचा पडदा झाला. तारांतली गळती, शहरातील चोरी, अधिकाऱ्यांची हयगय हे सारे बळिराजाच्या खात्यावर चढविले गेले. आणि ज्याने न वापरलेल्या विजेचा बोजा आपल्या नावावर घेतला, त्यालाच पुन्हा फुकट्या म्हणून हिणविले गेले.

हा पडदा प्रथम बाजूला झाला तो स्वतंत्र नियामकाच्या स्थापनेनंतर. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ५ ऑगस्ट १९९९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. मंत्र्यांच्या सहीने ठरणारा दर आता उघड सुनावणीत, कागदपत्रे तपासून आणि ग्राहकांचे आक्षेप ऐकून ठरू लागला. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटाने आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ह्या प्रक्रियेत आकडे हाताशी घेऊन वाद घातला. त्याचा परिणाम पाहा. जे मंडळ वर्षानुवर्षे पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास गळती सांगत होते, त्याची खरी गळती तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे २००० सालच्या पहिल्याच दरनिर्णयातून पुढे आले. नव्या तारा नाहीत, नवे यंत्र नाही. केवळ प्रश्न विचारल्याने गळती दुपटीच्या घरात गेली! वस्तुतः ती वाढली नव्हती, दिसू लागली होती. पुढे २०२० च्या मार्चमधील दरनिर्णयातही आयोगाला कृषिपंपांच्या वापराचा दावा कमी करून घ्यावा लागला. म्हणजे वीस वर्षांनंतरही तोच पडदा थोडाफार शिल्लक होता.

नियामक नसताना काय घडते, ह्याचा महागडा धडा दाभोळने दिला. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. आणि ज्याची किंमत जनतेने भरावयाची, तो करार जनतेपासून गुप्त राहिला. प्रकल्पाला अर्थसाहाय्य करण्यास जागतिक बँकेने १९९३ मध्येच नकार दिला होता. १९९५ मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी अधिक मोठ्या क्षमतेसह पुन्हा मान्य झाला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणे थांबविले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. माधव गोडबोले ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये ह्या व्यवहाराची चिकित्सा केली. परंतु वीज घेतली न घेतली तरी क्षमतेपोटी ठरावीक रक्कम भरलीच पाहिजे, ही अट तोवर राज्याला पुरती जाचली होती. हे ‘स्थिर आकार’ दाभोळबरोबर इतिहासजमा झाले असे मात्र कोणी समजू नये. आज देशातील बहुतेक दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारांत ते असतात. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातील राष्ट्रीय औष्णिक वीज निगमच्या १,३२० मेगावॉट क्षमतेच्या केंद्रालाही दरपद्धतीचा हाच नियम लागू आहे. नियम मुळात वाईट नाही. भांडवल घालणाऱ्याला परतावा हवाच. परंतु कोणते करार किती क्षमतेचे आणि किती वर्षांचे करावेत, ह्यावर उघड चर्चा झाली नाही, तर न घेतलेल्या विजेचे पैसे यंत्रमागवाल्याच्या बिलातून जातात.

ह्या अनुभवांतून २००३ चा विद्युत कायदा जन्माला आला आणि तो १० जून २००३ पासून अमलात आला. त्यातील दोन कलमे प्रत्येक ग्राहकाने पाठ करावीत अशी आहेत. कलम ५५ म्हणते : दोन वर्षांनंतर मीटरवाचून वीजपुरवठा नको, मुदत वाढवावयाची तर ती आयोगाने वाढवावी. कलम ६५ म्हणते : राज्य सरकारला कोणा ग्राहकवर्गास सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम सरकारने आगाऊ भरली पाहिजे, ती भरली नाही, तर सरकारचा आदेश निष्प्रभ होऊन आयोगाने ठरविलेला दरच लागू होईल. ह्यात सवलतीला मनाई नाही. सवलत देणाऱ्याने आधी आपला खिसा उघडावा, एवढीच अट आहे. विधिमंडळात मंजूर झालेला पैसा आणि सभेत दिलेला शब्द ह्यांच्यात कायद्याने बांधलेला हा पूल होय. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण ह्या कंपन्या झाल्या, तेव्हाही हेतू हाच होता की, कोणाचा खर्च कोणता हे वेगळे दिसावे.

प्रत्यक्षात पूल बांधला गेला, वाहतूक मात्र जुन्याच उतारावरून चालू राहिली. कृषिपंपांचे बिल निघे, ते वसूल होत नसे, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे वसुलीचे नावही काढले जात नसे. २०२० मध्ये राज्याने कृषिपंप धोरण आणले, तेव्हा ही थकबाकी चाळीस हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेली होती. एवढी रक्कम शेतकरी भरील असे कोणालाच वाटत नव्हते, सरकार भरील असे कोणी म्हणत नव्हते, आणि तरीही ती येणे म्हणून वहीत उभी होती. देशभरची कथा निराळी नाही. वीजमंडळांची देणी निस्तरण्यासाठी नव्या शतकाच्या आरंभी एक योजना झाली, २०१२ मध्ये दुसरी झाली, २०१५ मध्ये ‘उदय’ नावाने तिसरी झाली. प्रत्येक वेळी जुने कर्ज उचलून राज्यांच्या तिजोरीवर ठेवले गेले आणि नव्या कर्जासाठी वही कोरी झाली. ज्या रोगावर तीनदा शस्त्रक्रिया होऊनही तो उलटतो, त्याचे मूळ शस्त्रक्रियेच्या जागी नसते.

आता २०२४ च्या ‘मुख्यमंत्री बळिराजा मोफत वीज योजने’कडे वळू. सुमारे ४४ लाख शेतकरी, पाच वर्षांची मुदत, आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार, असे तिचे स्वरूप जाहीर झाले. ह्या योजनेचा एक गुण मान्य केला पाहिजे : भार किती, हे आकड्यात सांगितले गेले. भागाकार केला तर प्रत्येक पंपामागे वर्षाला सरासरी तेहतीस हजार रुपयांच्या वर रक्कम येते. सरासरी म्हणजे वाटणी नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याचा पंप अधिक चालतो आणि त्याला अधिक मिळते. ज्याची विहीर मार्चमध्येच आटते, त्याला थोडे मिळते. आणि ज्याला विहीरच नाही, अशा जिरायती शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. अक्कलकोट तालुक्यात ह्या तिन्ही प्रकारचे शेतकरी एकाच गावात नांदतात. पंपावर मीटर असेल आणि आकडे गावोगाव प्रसिद्ध होतील, तरच ही वाटणी न्याय्य आहे की नाही, हे कळेल. शिवाय वीज विनामूल्य असली, तरी ती रात्री मिळाली तर शेतकऱ्याला सापा-विंचवाच्या भयात पाणी धरावे लागते. सौर वाहिन्यांची योजना ह्यासाठी मोलाची आहे. दिवसाची भरवशाची वीज ही कित्येकदा फुकट विजेहून मोठी सवलत ठरते.

हिशेब न मांडता सवलती वाटल्या तर शेवट कोठे होतो, हे पाहण्यास दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचे, अमेरिकेच्या अधिसत्तेखालील बेट आहे. लोकसंख्या सुमारे ३२ लाख. १९४१ मध्ये तेथे सरकारी वीजसंस्था स्थापन झाली आणि आपल्या मंडळाप्रमाणेच तिने गावोगाव प्रकाश नेला. पुढे ती नगरपालिकांना करांच्या बदल्यात विनामूल्य वीज देऊ लागली. नगरपालिकेला बिल येत नसल्याने काटकसरीचे कारण उरले नाही. केंद्रे जुनी झाली, दुरुस्ती राहिली आणि खर्चाची तोंडमिळवणी कर्जाने होऊ लागली. स्वतंत्र वीजनियामक तेथे २०१४ मध्ये आला. तोवर कर्जाचा डोंगर उभा राहिला होता. २०१६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून बेटाच्या साऱ्या अर्थव्यवहारावर एक देखरेख मंडळ नेमले, ज्याचे सदस्य बेटाच्या मतदारांनी निवडलेले नव्हते. २०१७ च्या जुलैत सुमारे नऊ अब्ज डॉलरांच्या कर्जासह वीजसंस्था दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि सप्टेंबरातील ‘मारिया’ चक्रीवादळाने तिचे जीर्ण जाळे जमीनदोस्त केले. काही घरांत पुन्हा दिवा लागण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. २०२१ मध्ये पारेषण आणि वितरण खासगी कंपनीकडे गेले. वादळ निसर्गाने आणले, परंतु त्याला तोंड देण्याचे बळ हिशेबाच्या अभावाने आधीच हिरावले होते.

ह्या कथेचा बोध एवढाच की, जो आपला हिशेब आपण मांडत नाही, त्याचा हिशेब कोणी दुसरा मांडतो. आणि तो मांडताना घरच्यांना विचारीत नाही. आपल्याकडेही त्याची चुणूक दिसली आहे. २०२१-२२ पासून चार वर्षे केंद्राने राज्यांची, त्यांच्या सकल उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची अतिरिक्त कर्जमर्यादा वीजक्षेत्रातील सुधारणांशी बांधली होती. दोष खेड्यांचाच आहे असेही नाही. मुंबई बेटावर कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरविणाऱ्या ‘बेस्ट’च्या बसगाड्यांची तूट कित्येक वर्षे वीजग्राहकांच्या बिलातून वसूल होत असे. बस स्वस्त असावी हे योग्यच. परंतु तिचा खर्च दिव्याच्या बिलात घालावा, हे हिशेबाच्या दृष्टीने योग्य नव्हे. ज्याचा भार त्याच्या नावाने दिसला पाहिजे, हे तत्त्व शहरालाही लागू आहे आणि शेताच्या बांधालाही.

नियामक आयोग हा ह्या तत्त्वाचा रखवालदार. त्याची प्रतिष्ठा निकालाइतकीच पद्धतीवरही अवलंबून असते. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने महावितरणचा दरनिर्णय दिला. काही दिवसांतच कंपनीच्या विनंतीवरून त्याला स्थगिती मिळाली, आणि २५ जून रोजी फेरविचारानंतर सुधारित निर्णय आला. फेरविचाराच्या वेळी आपले म्हणणे ऐकले गेले नाही, अशी ग्राहकांची तक्रार झाली आणि वाद न्यायालयात गेला. कोणता आकडा बरोबर, ह्यात आम्ही शिरत नाही. परंतु जो निर्णय सुनावणी घेऊन झाला, तो बदलतानाही सुनावणी झाली पाहिजे, हे समजण्यास कायद्याच्या पंडित्याची आवश्यकता नाही.

सुनावणीचा विषय निघालाच आहे, तर सोलापूरचे गाऱ्हाणे मांडलेच पाहिजे. महावितरणच्या दरप्रस्तावावरील सुनावण्या नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा शहरांत होत आल्या आहेत. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. अक्कलकोटहून आणखी चाळीस. मूळ प्रस्ताव शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. चादरी विणणारा यंत्रमागधारक, यात्रेकरूंना उतारा देणारा अक्कलकोटचा लॉजवाला, सीमेवरचा ऊसकरी ह्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून तेथे जावे आणि तीन मिनिटांत आपले म्हणणे संपवावे, ही अपेक्षा म्हणजे लोकशाहीचा देखावा होय.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली : प्रत्येक कृषिवाहिनीवर आणि क्रमाक्रमाने प्रत्येक पंपावर मीटर बसवून त्याची नोंद तालुकानिहाय दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. मीटर हे बिलाचे यंत्र नव्हे, सत्याचे यंत्र आहे, हे शेतकरी संघटनांनीही मनावर घ्यावे. त्याने शेतकऱ्याच्या नावावर चढविलेली परकी गळती उतरेल. दुसरी : कलम ६५ प्रमाणे सवलतीची रक्कम सरकारने किती आणि केव्हा भरली, ह्याचे त्रैमासिक पत्रक आयोगाने मराठीत प्रसिद्ध करावे. तिसरी : महालेखापालांचे वीजकंपन्यांवरील अहवाल आणि आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवून धूळ खाऊ नयेत, सार्वजनिक उपक्रम समितीने आणि सभागृहाने त्यांवर वेळ काढून चर्चा करावी, आणि जिल्ह्यातील आमदारांनी ती मागावी. चौथी : आयोगाची एक सुनावणी सोलापुरात व्हावी आणि मूळ प्रस्तावाचा सविस्तर मराठी अनुवाद तिच्या आधी उपलब्ध असावा.

ह्यांपैकी एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. जो कायदा आहे, तो पाळण्याची लाज तेवढी सरकारला, कंपनीला आणि आपणा नागरिकांना वाटली पाहिजे. अन्नछत्र चालविणारी गावे आम्ही जवळून पाहतो. तेथे पंगतीत बसणाऱ्याला कोणी मोल विचारीत नाही. परंतु कोठीत धान्य किती आले आणि किती शिजले, ह्याची नोंद मात्र रोज होते. ती नोंद नसती, तर छत्र फार दिवस चालले नसते. राज्याने शेतकऱ्याला वीज द्यावी ती ह्याच रीतीने द्यावी. देताना हात आखडू नये, आणि दिलेले वहीत मांडल्यावाचून दिवस मावळू देऊ नये.